भोकावरची पट्टी

देवाचं नाव घेऊन मी प्ले दाबलं आणि माझाच आवाज आला.

"आय, मी बोलते गो, ऐकायला येतंय ना नीट?"

गिटार यायला पाहिजे होती. आधी थोडी खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग मास्टर त्याच्या भाषेत एक-दोन-तीन मोजतो आणि मग गिटार. मला सगळं पाठ होतं. मी बंद केलं, परत दाबलं. मीच. थोडी पुढे पळवली. "बाळाला वरचे दोन दात आले." अजून पुढे पळवली, परत मीच, शिंकतेय. कडेवर पोर, ते टेपरेकॉर्डरची वायर ओढतंय, गॅसवर चहाचं पाणी आटत आलेलं, खाली टॅक्सीने हॉर्न मारला आणि जिन्यावर पावलं वाजली, दोघांची. नवऱ्याची मला कळतात. दुसरी पण कळायला लागली होती एव्हाना.

ते कॅसेट घ्यायलाच वर येत होते. मास्टरचं विमान संध्याकाळचं होतं.

मी सातवीपर्यंत शिकलेली. मला बोलते तसंच लिहिता येतं, म्हणून पुढचंमागचं झालं तर सांभाळून घ्या. पण आता पहिल्यापासून सांगते, नाय तर तुम्हाला वाटेल मी वेडी.

आम्ही वसईचे. नवरा बहरीनला हूरा भागात एका हॉटेलात लाँड्रीत लागला, मग वर्षाने मला बोलावलं, मग पोर झालं. सत्तरची सालं संपत आलेली. हॉटेलच्या मागच्याच गल्लीत आमचं घर, दुसऱ्या मजल्यावर, एक हॉल, एक खोली. हॉटेलात रोज संध्याकाळी तीन माणसांचा बँड वाजायचा. त्यातला मोठा होता पोलंडचा गिटारवाला, लाल दाढी, चाळिशीतला, उंच एवढा की आमच्या दारात वाकायचा. तो जॅझ वाजवायचा आणि स्वतःची गाणी पण बसवायचा, म्हणजे बिनशब्दांची. सगळे त्याला मास्टर बोलायचे. त्याच्याबरोबर बास, म्हणजे जाड आवाजाची गिटार, वाजवणारा फिलिपिनो पोरगा आजारी पडून घरी गेला आणि कोणीतरी सांगितलं, लाँड्रीतला इंडियन बास वाजवतो. खरंच वाजवायचा. चर्चमध्ये, लग्नांच्या बँडमध्ये. माझं लग्न ठरलं तेव्हा आय बोललेली, पोरगा वाजवतो, दारू पीत नाय, अजून काय पाहिजे. तेव्हा मला पण वाटलेलं, अजून काय पाहिजे.

दुपारी हॉटेलात वाजवायला मनाई, लोक झोपतात. म्हणून नवरा बोलला, आमच्याकडे या. अडीचला त्याची शिफ्ट सुटायची, तीनला मास्टर हजर. तीन ते पाच, रोज, शुक्रवार सोडून. शुक्रवारी इथे सुट्टी, आम्ही चर्चमध्ये मिसाला जायचो, तर हळूहळू तिथे पण यायला लागला. तो पण कॅथलिक निघाला. मग मिसानंतर जेवायला. मग शुक्रवार पण गेला.

आता तुम्ही बोलाल, पाहुणा आहे, एकटा माणूस आहे. मी पण पहिले आठ दिवस तसंच बोलली. सुरमईचं कालवण केलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी, नाक लाल, तरी ताट पुढे. नवऱ्याने शिकवलेलं म्हणून मला "वैनी" बोलायचा. "वैनी, मोर," म्हणजे अजून वाढ. आणि नवरा आपल्या ताटातलं माशाचं डोकं उचलून त्याच्या ताटात. डोकं! लग्नापासून मला ते डोकं कधी मिळालं नव्हतं, मी मागितलं पण नव्हतं, पण म्हणून काय झालं.

वाजवताना एसी बंद. का, तर घूं घूं आवाज टेपमध्ये जातो. जुलै महिन्यात एसी बंद! पोराच्या मानेवर घामोळं एवढं उठलं की ते रडायचं, आणि रडलं की तो आवाज पण टेपमध्ये जातो, म्हणून मी पोराला घेऊन जिन्यात. कुकर लावायचा नाय, शिटी होते. मासे तळायचे नाय, तडतड होते. माझ्याच घरात मी जिन्याच्या पायरीवर बसून बंद दाराकडे बघायची आणि आतून ते दोघं.

एकदा दार थोडं उघडं राहिलेलं. मी बघितलं. नवऱ्याचे डोळे मिटलेले. मास्टर वाजवतोय आणि हा डोळे मिटून मान अशी एका बाजूला करून ऐकतोय, जसं कोणी कानात काही सांगतंय. मी बोलते तेव्हा हा पेपर वाचतो. मी बोलते तेव्हा "हं, हं" करतो आणि मग विचारतो, काय बोललीस? त्या माणसाने एक शब्द न बोलता माझ्या नवऱ्याचे डोळे मिटवले होते.

आणि जेवताना काय, झोपताना काय, मास्टरचंच पुराण. नवऱ्याला इंग्लिश बरं येतं, तो ऐकून यायचा आणि मला मराठीत सांगायचा. मला त्या माणसाचा सगळा जन्म पाठ झाला. विचारा काहीही.

बाप कोळशाच्या खाणीत. त्या खाणीचा स्वतःचा बँड, काळे कोट, टोपीवर पिसं, कोणी मेलं की तोच बँड, कोणाचं लग्न असलं की तोच. बाप त्यात सगळ्यात मोठा भोंगा वाजवायचा, अंगाभोवती गुंडाळतात तो. आता माझा सासरा वसईत लग्नाच्या बँडमध्ये तोच भोंगा वाजवायचा! हे ज्या दिवशी निघालं त्या दिवशी दोघं एकमेकांच्या पाठीवर मारून एवढे हसले की खालच्या मजल्यावरची पुण्याची बाई वर आली, काय झालं म्हणून. मी तिला बोलली, "काय नाय, भाऊ भेटले." आणि मनात बोलली, आता माझं काय खरं नाय.

मग त्याच्या गावच्या चर्चमधला पेटीवाला. त्याने याला शिकवलं की चार सूर एकदम लावले तर त्यांच्या आत पाचवा ऐकायला येतो, जो कोणी वाजवलेलाच नसतो. मग परदेशी रेडिओ. तिकडे सरकारला ती गाणी चालत नव्हती, तर शेजारचा म्हातारा उशीखाली रेडिओ ठेवून लावायचा आणि हा, दहा वर्षांचं पोर, उशीला कान लावून. इंग्लिश पण तिथेच शिकला. मग म्युझिकच्या शाळेत गेला, तिथे परीक्षेला कागदावर लिहिलेलं वाजवायचं सोडून स्वतःचं वाजवलं, नापास. नवरा हे सांगताना असा खूष व्हायचा जसं हाच नापास झाला. मी पण शाळा सोडलेली, आय फुलं विकायला जायची आणि घरी भाऊ लहान होता म्हणून. त्याचं कोणी कौतुक केलं नाय.

मग कॉफीच्या दुकानांत वाजवलं, कॉलेजच्या पोरांसाठी. मग जहाजावर, म्हाताऱ्या श्रीमंत लोकांना नाचवायला. तिथे बेटांवरचा एक काळा ड्रमवाला होता, सत्तरीचा, त्याने याला सांगितलं, तू फार बोलतोस, लोकांना श्वास घेऊ दे. त्या दिवसापासून मास्टर कमी वाजवायला लागला, मध्ये मध्ये नुसता थांबतो. नवरा बोलायचा, "त्याचं थांबणं ऐक तू." मी बोलली, "थांबणं काय ऐकायचं? थांबलं म्हणजे खलास."

मग स्वीडन. तिथे स्वतःचा चार जणांचा ग्रुप, नाटकांना संगीत दिलं, एक रेकॉर्ड निघाली, पेपरात चांगलं आलं आणि विकली मात्र नाय. ग्रुप फुटला. बायको होती, ती पण गेली. मग काय, हॉटेलांची कॉन्ट्रॅक्ट, आज इथे उद्या तिथे, आणि असं फिरत फिरत हा माणूस एवढ्या मोठ्या जगात येऊन बसला कुठे, तर माझ्या हॉलमध्ये, माझ्या सोफ्यावर, उजव्या हाताची नखं माझ्या खोबरेल तेलाने चोळत.

एकदा हॉटेलचा ड्रायव्हर त्याला मुहर्रकला घेऊन गेला. तिथे जुने लोक आहेत, तरुणपणी समुद्रात बुडी मारून मोती काढायचे. आता म्हातारे झालेत, तरी एका घरात जमतात, मातीचे माठ वाजवतात, टाळ्या मारतात आणि गातात. नवरा पण गेलेला. सांगत होता, एक जण गातो आणि बाकीचे खालून नुसता एक आवाज धरतात, घशातून, एवढा खोल की जमिनीतून आल्यासारखा वाटतो. परत आल्यावर मास्टर दोन दिवस बोलला नाय. तिसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला बोलला, तो खालचा आवाज तू धरायचा, बासवर. एकच सूर, सोडायचा नाय, मी वर फिरतो. आणि तिथून ते गाणं सुरू झालं. वीस-बावीस मिनिटांचं. तीन महिने त्यांनी तेच वाजवलं. बापाचा भोंगा, पेटीवाला, उशीखालचा रेडिओ, ड्रमवाला, मुहर्रकचे म्हातारे, सगळे त्यात आहेत, असं नवरा सांगायचा. मी जिन्यात बसून विचार करायची, एवढे सगळे आहेत, मी तेवढी बाहेर.

टेप चार वेळा केली. चारही वेळा मास्टरला पटली नाय, पुसून टाकली. पाचव्यांदा वाजवून झालं. मग मास्टर बोलला, "खलास. हेच. असं परत होणार नाय." आणि खिशातला चाकू काढून कॅसेटच्या वरच्या बाजूची प्लॅस्टिकची ती छोटी जीभ असते ना, ती तोडली. ती तोडली की वरून काही भरता येत नाय.

त्या दिवशी जेवताना नवरा मला बोलला, "मास्टर हे स्वीडनला रेडिओवाल्यांना ऐकवणार. त्यांना आवडलं तर मला पत्र पाठवतील. तीन महिने. रेकॉर्ड करायची, मग गावोगाव वाजवायचं."

"अहो, आणि मी?"

"तू वसईला जा ना तीन महिने. आयकडे."

"तुमची नोकरी सुटली की माझा पण व्हिसा गेला. परत कसं यायचं?"

"होईल काहीतरी. इंशाल्ला."

"तुमच्या मॅनेजरचा इंशाल्ला म्हणजे मफी, कधीच नाय," मी बोलली.

तो हसला. "तुला ना, पुढचं दिसतच नाय कधी."

मला दिसत होतं. मला पूर्ण दिसत होतं. बर्फात उभा आहे, गळ्यात मफलर, डोळे मिटलेले, आणि मी वसईला भावाच्या घरी पोर घेऊन, लोक विचारतात, नवरा कुठे असतो गो? मला रात्री झोप नव्हती. त्याने पासपोर्टचे फोटो पण काढून आणलेले. टाय लावून.

आता कॅसेटचं सांगते, ते नीट ऐका.

मला पत्र लिहायला जमत नाय, आयला वाचायला येत नाय. म्हणून आम्ही कॅसेट पाठवायचो. इथे सगळेच पाठवतात. कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हातात द्यायची. तिकडे आय शेजारणीच्या टेपवर लावते, अर्धी गल्ली येऊन बसते. मग त्याच कॅसेटवर आय तिचं भरते आणि कोणी परत येणारा असला की त्याच्याबरोबर पाठवते. एकच कॅसेट, जाते आणि येते. आय तिचं बोलून झालं की ती जीभ तोडून टाकते, भावाची पोरं उगाच वरून गाणी भरतात म्हणून. मग इथे आली की त्या भोकावर मी पोराची मेडिकलची पट्टी लावते, चिकटवली की परत भरता येतं. तिकडे आय ती पट्टी काढते. असं आमचं चालायचं.

आयची कॅसेट बिस्किटांच्या डब्यात असायची, फ्रिजवर. मास्टरची बासच्या पेटीत. पण पोर रांगायला लागलेलं, पेटी उघडायचं, म्हणून नवऱ्याने तिला पण डब्यात ठेवली. मला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. मी ऐकलं होतं का? मी पोराला भरवत होती.

ज्या दिवशी मास्टर जाणार त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वरच्या मजल्यावरची नर्स वसईला निघणार होती. म्हणून मास्टर जायच्या दिवशी सकाळी मी डब्यात हात घातला, हाताला कॅसेट लागली, नाव दोन्हीवर नाय, दोन्ही काळ्या, दोन्हीची जीभ तोडलेली. मी पट्टी लावली आणि बोलायला बसली.

आणि सगळं बोलली. दात, घामोळं, नवीन पडदे. मग रडायला आलं आणि मग जे आलं ते थांबलंच नाय. "आय, तो लाल दाढीवाला माझा नवरा घेऊन चालला गो. बाई असती तर केस ओढले असते, ह्या गिटारचं काय ओढू? माझ्या घरात मीच जिन्यात बसते. एवढं तर तो कधी माझ्याकडे बघत नाय गो आय." असं बरंच. बरं वाटलं बोलून. मग पोर उठलं, मी बंद केलं आणि कॅसेट तशीच टेपमध्ये राहिली.

चार वाजता मास्टरची कॅसेट तयार ठेवू म्हणून डबा उघडला. आत एकच कॅसेट होती. तिच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग. आयच्या बोटाचा, पहिल्या वर्षापासूनचा.

तेव्हा मी टेप मागे पळवली आणि प्ले दाबलं.

दार वाजलं. मी उघडलं. नवऱ्याचे डोळे आधीच लाल. मास्टर वाकून आत आला, हातात पोरासाठी एक लाकडी घोडा. नवरा बोलला, "कॅसेट दे गं लवकर, टॅक्सी उभी आहे."

आता मी सांगते मला काय वाटलं. एक मिनिटात माणसाला केवढं वाटतं. वाटलं पाया पडू. वाटलं सांगू हरवली, पोराने टाकली. वाटलं आयची देऊ, तिच्यात निदान मी नाय. आणि वाटलं, खोटं कशाला बोलू, सगळ्यांच्या खाली, मुहर्रकच्या त्या आवाजासारखं, असं पण वाटलं की बरं झालं.

मी आत गेली, टेपमधून कॅसेट काढली, डबीत घातली आणि नेऊन दिली.

मास्टरने ती शर्टाच्या खिशात ठेवली, वरून दोनदा थोपटली. पोराच्या डोक्यावर ओठ टेकले. "वैनी," तो बोलला, "थँक यू. फॉर द हाउस." मी रडायला लागली. नवरा पण रडत होता. मास्टर पण. तिघं रडत होतो आणि त्या दोघांना वाटलं मी पण त्यांच्याचसारखी रडतेय.

नवऱ्याने वाट बघितली. रोज हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारायचा, टपाल आहे का. सहा महिने रोज. मग आठवड्याने. मग विचारणं बंद. हॉटेलात नवा बँड आला, त्यांच्या पेटीतूनच बास निघायचा, बटण दाबलं की. हा परत नुसता लाँड्रीत. बास पलंगाखाली गेला. घरात एसी चालू, कुकरच्या शिट्या होतायत, मासे तळते, हा समोर बसलेला असतो, पूर्ण माझा, आणि मी बोलते तर पेपर पण वाचत नाय. नुसता बसतो. मला पाहिजे होता तसा मिळाला आणि मिळाला तो हा नव्हे, असं काहीतरी. मला सांगता येत नाय.

तीन वर्षं गेली असतील. गेल्या गुरुवारी पार्सल आलं. स्वीडनचा स्टँप.

आत एक मोठी रेकॉर्ड, एक चिठ्ठी आणि खाकी पाकिटात काहीतरी छोटं. नवरा बोलला, आधी रेकॉर्ड ऐकू, बाकी मग. रेकॉर्ड बघून नवरा एवढा हसला की दात दिसले, किती दिवसांनी. आमच्याकडे रेकॉर्ड लावायचं मशीन नाय. खाली पुण्याच्या इंजिनियरकडे आहे. शुक्रवारी मिसाहून आल्यावर गेलो, चांगले कपडे घालून. पुण्याच्या बाईने सरबत केलं. नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं, हे आम्ही बसवलेलं, वर, आमच्या हॉलमध्ये. इंजिनियर बोलला, "वा वा, म्हणजे आमच्या डोक्यावर इतिहास घडत होता, आणि आम्ही झाडूने छत ठोकत होतो!"

सुई टेकली. खरखर. मग बासचा तो सूर, खोल, एकच. नवऱ्याने डोळे मिटले.

आणि मग मी.

"आय, तो लाल दाढीवाला माझा नवरा घेऊन चालला गो."

गिटारने तेच केलं. माझा आवाज जिथे चढला तिथे चढली, जिथे रडायला आलं तिथे घसरली. मी परत बोलली, "बाई असती तर केस ओढले असते," गिटार परत मागून, हळू, जसं कोणी समजूत काढतंय. मग मास्टर थांबला. बराच वेळ थांबला. त्या दिवशी मी त्याचं थांबणं ऐकलं.

पुण्याची बाई ओरडली, "अगं, हा तुझा आवाज! अगंबाई, तू युरोपात पोचलीस की!" इंजिनियरला हसू आवरेना. "ह्या गिटारचं काय ओढू! वहिनी, तुम्ही तर कमालच केलीत!" माझी पोरगी, तेव्हाचं ते पोर, आता शाळेत जाते, मराठी समजते पण बोलत नाय, ती बोलली, "मम्मी, व्हाय आर यू शाउटिंग?"

नवऱ्याने डोळे उघडले नव्हते. "हा बास माझा आहे," तो बोलला. "बसवलेला मी." मग कव्हर उचललं, मागची बारीक अक्षरं वाचली. बासपुढे दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. त्याच्या खाली, आवाज, वैनी, बहरीन. त्याने ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे असं बघितलं, मी ती नजर ओळखली. ती माझीच होती, जिन्यातली.

घरी आल्यावर त्याने चिठ्ठीला हातच लावला नाय, आज सकाळी ड्युटीच्या आधी वाचली. मास्टरने लिहिलेलं, आधी मला धक्का बसला, दोन दिवस रागावलो. मग तुझ्या बायकोचा आवाज ऐकत राहिलो. शब्द कळत नव्हते. वाटलं, आपलं गाणं पुसून त्यावर स्वतःचं दुःख ठेवणारं कोणी आहे, तर ते गाण्यापेक्षा मोठं असणार. मग ते सगळं नव्याने लिहायला तीन वर्षं लागली. तुझा बास टेपवर फक्त शेवटी उरला होता, रेडिओवाल्यांना ऐकवण्याएवढा नव्हता, तुला बोलावता आलं नाय, माफ कर. तुझी कॅसेट परत पाठवतोय.

नवऱ्याने खाकी पाकीट उघडलं. कॅसेट हातात पडली. त्या दिवशी घाईत पट्टी काढायची राहून गेली होती. तीन वर्षं ती तशीच, भोकावर, कडेने काळी झालेली, पोराच्या गुडघ्याला लावतात ती.

त्याने तिच्यावर बोट फिरवलं.

"ही तू लावलीस."

"आयची समजून लावली. चुकून."

"आयच्या कॅसेटवर हळदीचा डाग आहे."

"घाईत होती. बघितला नाय."

त्याने कॅसेट टेबलावर ठेवली. मग हळू बोलला, रागाने नाय, रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. "तू नेहमी आयचा आवाज एकदा ऐकतेस. वरून भरायच्या आधी. कितीही घाई असली तरी. मी हसायचो तुला. त्या दिवशी का नाय ऐकलास?"

हे मी तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं. खरं आहे ते. आयचा आवाज पुसायचा म्हणजे मला कसंतरी होतं, म्हणून एकदा शेवटचं ऐकते आणि मगच बोलते. त्या दिवशी नाय ऐकला. पट्टी लावताना डाग शोधला होता मी. दिसला नाय. तेव्हा मनात काहीतरी आलं, आलं आणि गेलं, आणि मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

तो उठला, युनिफॉर्म घातला आणि ड्युटीवर गेला. दारात बोलला, "आल्यावर सांग."

कॅसेट टेबलावर आहे. मगाशी मी लावली. माझं रडणं संपतं, मग टक करून बटणाचा आवाज, आणि मग शेवट उरलाय, तीन-चार मिनिटं. गिटार जवळजवळ नाय. नुसता बास. एकच सूर धरून बसलाय माझा नवरा, सोडत नाय, सोडत नाय, आणि मागे लांबून, दाराच्या पलीकडून, पोर रडल्यासारखं ऐकायला येतं. मी त्या दिवशी जिन्यात होती. तीन महिने मी त्या दाराला कान लावून फक्त गिटार ऐकली होती. हा कधी ऐकलाच नाय मी.

अडीचला शिफ्ट सुटेल. आता दोन वाजून गेले. चुकून झालं सांगितलं तर तो मान हलवेल आणि आयुष्यभर मानणार नाय. खरं सांगायचं तर मला तरी कुठे नक्की माहीत आहे खरं काय ते. त्या सकाळी हातात कॅसेट, अंगात एवढी आग, पोर झोपलेलं, व्हिसा जायची भीती आणि कॅसेटवर डाग नाय, तुम्ही असता तर थांबला असता? मला सांगा. आणि आता जिन्यावर त्याची पावलं वाजली की तुम्ही काय बोलला असता?